सडा, खाडी आणि सायकल

कामधंद्याच्या किंवा शर्यतीच्या हेतूवाचून, केवळ मुलूख पाहण्यासाठी केलेल्या सायकलप्रवासाला सायकलभ्रमण म्हणतात, आणि महाराष्ट्रात या भ्रमणासाठी जिला खरोखर तोड नाही अशी वाट म्हणजे रेवदंड्यापासून मुरूड, श्रीवर्धन, हर्णै, गुहागर, गणपतीपुळे, विजयदुर्ग, मालवण असे टप्पे घेत गोव्याच्या सीमेपर्यंत जाणारा कोकणचा किनारी मार्ग. मुंबई-गोवा महामार्ग समुद्रापासून बराच आतून जातो, त्यामुळे त्यावरून कोकण ओलांडणाऱ्यास समुद्र क्वचितच दिसतो. किनारी मार्ग मात्र खलाटीतून, म्हणजे समुद्रालगतच्या सखल पट्ट्यातून, माडापोफळींच्या आगरांना आणि सुरूच्या बनांना लगटून पुढे सरकतो.

किनाऱ्याची वाट म्हणजे सपाट वाट, हा नवख्या सायकलस्वाराचा समज पहिल्याच दिवशी पार धुऊन निघतो. सह्याद्रीतून निघून पश्चिमेला समुद्राला मिळणाऱ्या कोकणच्या नद्या लांबीने तोकड्या, पण पावसाळ्यात विलक्षण वेगवान असतात. त्यांनी किनाऱ्यालगतचे पठार जागोजागी चिरले आहे, आणि हिमयुग ओसरल्यावर समुद्राची पातळी वाढली तेव्हा या चिरलेल्या दऱ्यांच्या मुखांत भरतीचे पाणी शिरून खाड्या तयार झाल्या. परिणामी रस्ता खाडीच्या काठी समुद्रसपाटीला उतरतो, लगेच पठारावर चढतो आणि पुढच्या खाडीसाठी पुन्हा उतरतो. या वाटेवर खंबाटकीसारखा एकही मोठा घाट नाही, तरी दिवसभरातील लहान चढांची बेरीज एखाद्या घाटालाही मागे टाकते.

अशा वाटेवर सायकलच्या किमतीपेक्षा तिच्या गिअरला महत्त्व येते. पॅडलजवळच्या चेनव्हीलला 48 आणि मागच्या फ्रीव्हीलला 16 दाते असतील, तर पॅडलच्या एका फेऱ्यात मागचे चाक तीनदा फिरते आणि सायकल सहा मीटरांहून अधिक पुढे जाते. दोन्हीकडे 34 दाते असतील, तर चाक एकदाच फिरते आणि सायकल जेमतेम दोन मीटर सरकते, पण पायांवर येणारा भार त्याच प्रमाणात हलका होतो. दहा टक्क्यांच्या चढावर, म्हणजे 100 मीटर अंतरात 10 मीटर उंची गाठणाऱ्या रस्त्यावर, हा दुसरा गिअर असला म्हणजे खाली उतरून सायकल ढकलण्याची वेळ सहसा येत नाही. तरीही ती आलीच, तर त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. भ्रमणात घड्याळाला हरवायचे नसते.

चढ संपल्यावर जे पठार लागते त्याला कोकणात सडा म्हणतात. हा सडा जांभ्या दगडाचा असतो. उष्ण आणि अतिपावसाच्या हवामानात मूळ खडकातील सिलिका झिजून वाहून जाते, लोह आणि ॲल्युमिनियमची संयुगे मागे राहतात, आणि त्यांतील लोहामुळे दगडाला तांबडा रंग येतो. फ्रान्सिस ब्यूकॅनन याने 1807 मध्ये केरळात या दगडाचे वर्णन करताना विटेसाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून त्याला लॅटराइट हे नाव दिले. ते किती समर्पक आहे हे रस्त्याकडेच्या खाणींतून विटांसारखेच घडवलेले चिरे पाहिले की लक्षात येते. पावसाळा सरता सरता हाच सडा रानफुलांनी भरतो, डिसेंबरपर्यंत गवत पिवळे पडते, आणि उन्हाळ्यात तेथे काळपट कातळाखेरीज फारसे काही उरत नाही. या कातळातही पाहण्यासारखे आहे. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांत माणसांच्या, प्राण्यांच्या आणि अनाकलनीय आकृत्यांच्या कातळशिल्पांचा मोठा साठा असून 2022 मध्ये कोकणातील कातळशिल्पांचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत झाला. पावसहून राजापूरकडे जाताना लागणाऱ्या कशेळीच्या सड्यावर एक प्रचंड हत्ती कोरलेला असून त्याच्या देहाच्या रेषांच्या आत इतर अनेक प्राणी आहेत. मोटारीच्या वेगात हा सडा ओसाड माळ वाटून मागे पडतो, तर चढाने दमलेला सायकलस्वार येथे आपोआप थांबतो.

सड्याच्या कडेवरून समुद्र एकदम उलगडण्याचा अनुभव गणपतीपुळे-रत्नागिरी दरम्यान आरे-वारे येथे सर्वांत ठळक येतो. हर्णैला सुवर्णदुर्ग दिसण्याआधी सुक्या मासळीचा वास येतो, आणि तोही त्या देखाव्याचाच भाग मानला पाहिजे.

खाडी ओलांडण्यासाठी आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड येथे फेरीबोटी आहेत. वाशिष्ठीच्या खाडीवर दाभोळला बोट मिळाली नाही, तर गुहागरसाठी चिपळूणचा लांबलचक वळसा पडतो, म्हणून बोटींच्या वेळा आधी विचारून घेणे हेच येथील खरे नियोजन. या खाड्यांवर पूल बांधण्याच्या योजना आहेत. त्यांनी गावकऱ्यांची सोय होईल यात शंका नाही, मात्र कांदळवनाच्या काठाने पाण्याच्या पातळीवरून खाडी पाहण्याचा सक्तीचा विसावा सायकलस्वाराच्या वाट्याला उरणार नाही.

प्रवासाची दिशा वाऱ्याने ठरवावी. दिवसा जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, तिच्यावरील हवा वर जाते आणि समुद्रावरून जमिनीकडे खारे वारे सुटतात. रात्री याच्या उलट मतलई वारे वाहतात. कोकणात दुपारचा वारा बहुधा वायव्येकडून येत असल्यामुळे उत्तरेकडून दक्षिणेकडे जाणाऱ्यास तो पाठीशी मिळतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. त्यात आधी कापणी झालेल्या भातखाचरांतील उडव्या आणि पुढे आंब्याचा मोहर पाहायला मिळतो.

शिरोडा आणि रेडी मागे टाकल्यावर तेरेखोलचा किल्ला येतो. हा किल्ला खाडीच्या उत्तर तीरावर, महाराष्ट्राच्या बाजूला असूनही गोव्याच्या हद्दीत मोडतो, त्यामुळे केरीला नेणाऱ्या शेवटच्या फेरीबोटीत सायकल चढवण्यापूर्वीच प्रवासी गोव्यात पोचलेला असतो.