किती वाकतं, ते कागदावर येऊ द्या

चिखली-तळवड्याच्या पट्ट्यात कामाला जाणाऱ्या बायका आपल्या जवळजवळ प्रत्येक बचत गटात आहेत. कुणी प्रेसवर, कुणी पॅकिंगला. म्हणून आज सांध्यांबद्दल बोलू या. सांधा किती हलतो, हे मोजण्याबद्दल.

आमच्या गटातल्या एका ताईंच्या उजव्या हाताची दोन बोटं प्रेसमध्ये चेंगरली. हाड जुळलं, टाके निघाले, केसपेपरवर ‘सुधारणा आहे’ असं लिहिलं गेलं. ताईंना मात्र मूठ वळेना. कणीक मळवेना, कपडे पिळवेनात. भरपाईसाठी तपासणीला गेल्या, तेव्हा विचारलं गेलं, आधी बोट किती वाकत होतं आणि उपचारानंतर किती? सहा महिन्यांच्या कागदांत एकही आकडा नव्हता.

हा आकडा काढणं अवघड नाही. मुलांच्या कंपासपेटीत कोनमापक असतो ना, त्याला दोन पट्ट्या जोडल्यासारखं एक साधन असतं. त्याला गोनिओमीटर म्हणतात. त्याची मधली खीळ सांध्यावर ठेवायची. एक पट्टी सांध्याच्या वरच्या हाडाच्या रेषेत, दुसरी खालच्या हाडाच्या. सांधा वाकवला की कोन अंशांत वाचायचा.

सरळ सांधा म्हणजे शून्य. कोपर पूर्ण वाकला की साधारण १४० ते १५० अंश. हात समोरून थेट डोक्यावर गेला की १८०. गुडघा साधारण १३५. कागदावर गुडघ्यापुढे ‘१० ते ९०’ असं लिहिलं असेल, तर त्याचा अर्थ असा की पाय सरळ करताना शेवटचे १० अंश राहतात आणि वाकवताना ९० च्या पुढे जात नाही.

खुर्चीवर बसायला ९० अंश पुरतात. चुलीपुढे किंवा संडासात उकिडवं बसायला त्याहून कितीतरी जास्त लागतात. दवाखान्यात खुर्चीवर बसलेल्या बाईचा गुडघा बरा दिसतो, घरी तिचे हाल होतात. म्हणून घरी कोणतं काम अडतं, तेही डॉक्टरांना सांगा.

मोजताना काही गोष्टी मागून घ्या. दुखऱ्या बाजूबरोबर चांगली बाजूही मोजायला सांगा, कारण तुमचं मूळ माप तेच. सांधा तुम्ही स्वतः किती हलवता आणि दुसऱ्याने हलवल्यावर किती हलतो, हे वेगवेगळं लिहायला सांगा. स्वतः हलत नाही पण दुसऱ्याने हलवल्यावर हलतो, तर अडचण स्नायूत, शिरेत किंवा नसेत असू शकते. दोन्ही वेळा अडकतो, तर सांधाच आखडलेला असू शकतो. दर वेळी शक्यतो त्याच माणसाने, त्याच स्थितीत मोजावं. पाचेक अंशांचा फरक मोजण्यातलाही असतो, त्याने हुरळू नका आणि घाबरूही नका.

घरीही मोजता येतं. मूठ वळा आणि बोटाचं टोक तळव्यापासून किती सेंटीमीटर लांब राहतं, ते पट्टीने पाहा. खांद्यासाठी भिंतीकडे तोंड करून उभ्या राहा, हात वर सरकवा, जिथे पोचेल तिथे खडूची खूण करा. आठवड्यातून एकदा, तारखेसह वहीत लिहा. मधुमेह असलेल्या बायकांचा खांदा आखडण्याची शक्यता जास्त असते. ब्लाउजचे हूक किंवा अंबाडा जमेनासा झाला, तर वाट पाहू नका. सांधा लाल, गरम, सुजलेला असेल किंवा ताप असेल, तर मोजत बसू नका, आधी दवाखाना गाठा. जोर लावून तर कधीच वाकवू नका.

आता टक्क्यांचं. अंश म्हणजे टक्के नव्हेत. अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी सांध्याची हालचाल, स्नायूंची ताकद आणि हाताने होणारी कामं, असं सगळं मिळून टक्के ठरतात. बऱ्याच सवलतींसाठी ४० टक्के लागतात.

कामावर इजा झाली आणि ईएसआय असेल, तर कमाईची ताकद किती गेली, हे वैद्यकीय मंडळ ठरवतं. समजा रोजची सरासरी मजुरी ५०० रुपये आहे. तिच्या ९० टक्के म्हणजे ४५०. मंडळाने २० टक्के नुकसान धरलं, तर दिवसाला ९० रुपये आणि १० टक्के धरलं, तर ४५. निर्णय पटला नाही तर अपील करता येतं, पण अपिलात कागद बोलतो. पगाराच्या पावतीवर ईएसआयची कपात आहे का, ते आजच पाहा. चिंचवडच्या मोहननगरमध्ये ईएसआयचं रुग्णालय आहे.

तेव्हा पुढच्या वेळी दवाखान्यात ‘बरं आहे’ ऐकून उठू नका. एवढंच म्हणा, “डॉक्टर, किती अंश ते लिहून द्या.” आणि तो कागद रेशनकार्डाजवळ जपून ठेवा.