मोटारीचा प्रत्यक्ष इंधनखर्च व बदललेली हवा-गाळणी : जुन्नर-आंबेगावच्या रस्त्यांच्या संदर्भात

जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतून तीन निरनिराळ्या प्रकृतीचे रस्ते जातात. नारायणगाव-मंचरवरून जाणारा पुणे-नाशिक महामार्ग वेगाचा आहे. आळेफाट्याहून ओतूरमार्गे माळशेज घाट उतरणारा रस्ता कल्याणकडे जातो, तर मंचरहून घोडेगाव व डिंभे ह्या बाजूने जाणारा रस्ता भीमाशंकरला चढतो. एकच मोटार ह्या तिन्ही रस्त्यांवर एका लिटरात सारखे अंतर कापीत नाही. व्यवहारात ज्याला 'ॲव्हरेज' म्हणतात तो आकडा गाडी घेताना ऐकलेल्या आकड्याहून कमी भरला, की मालक उपाय शोधू लागतो. अशा वेळी सुचविल्या जाणाऱ्या उपायांत मूळ कागदी हवा-गाळणी काढून तिच्या जागी सुती जाळीची मोकळी गाळणी, किंवा गार हवा ओढणारी स्वतंत्र नळी बसविणे, हा एक आहे. त्यामागील युक्तिवाद असा की, हवा मोकळेपणी आत आली म्हणजे ज्वलन पूर्ण होते आणि इंधन वाचते. हा युक्तिवाद ऐकताक्षणी पटतो. तथापि आजच्या पेट्रोल एंजिनाला तो लागू पडत नाही.

कारण थ्रॉटलच्या झडपेत आहे. पेट्रोल एंजिनाची शक्ती आत येणारी हवा रोखूनच नियंत्रित केली जाते. सपाट रस्त्यावर ताशी साठ-सत्तर किलोमीटर वेगाने गाडी चालत असता ही झडप बरीचशी मिटलेली असते, आणि तिच्या पलीकडील दाब वातावरणाहून चाळीस-पन्नास किलोपास्कलने कमी असू शकतो. उलट, स्वच्छ कागदी गाळणीतून एंजिनाच्या कमाल प्रवाहाच्या वेळीही दाबाची घट साधारणतः एक-दोन किलोपास्कलच होते; मंद प्रवाहात ती ह्याहून कितीतरी अल्प असते. म्हणजे गाळणीने वाचविलेला अल्पसा दाब चालकाचा पाय, त्याच्याही नकळत, झडप किंचित अधिक मिटून पुन्हा खर्ची घालतो. दार लोटलेले असता अंगणाचे फाटक रुंद करण्यासारखाच हा प्रकार आहे.

ह्याचे प्रत्यंतर ह्याच प्रदेशात मिळते. जुन्नर समुद्रसपाटीपासून सुमारे सातशे मीटर उंचीवर आहे. तेथील वातावरणाचा दाब समुद्रकाठच्या मानाने सुमारे आठ किलोपास्कलने कमी असतो, व त्या प्रमाणात एंजिनाची कमाल शक्तीही सहा-सात टक्क्यांनी उतरते. कोणतीही गाळणी जेवढा अडथळा करील त्याच्या अनेक पट अडथळा येथे निसर्गानेच केलेला आहे. असे असूनही मुंबईहून घाट चढून आलेली मोटार जुन्नरच्या सपाट रस्त्यावर अधिक पेट्रोल पीत नाही. ती झडप थोडी अधिक उघडते, इतकेच. हवेचा विरोध तेथे किंचित कमी असल्याने तिला झालाच तर अल्पसा लाभ होतो.

मग ही समजूत आली कोठून? ती सर्वस्वी निराधार नव्हती. कार्ब्युरेटरच्या काळात गाळणी तुंबली म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोलचे प्रमाण वाढे, धूर काळा होई आणि खर्चही वाढे. जुन्या मिस्त्रींचा अनुभव ह्या दृष्टीने खराच होता. इंधन-प्रक्षेपण पद्धतीत मात्र धुरातील प्राणवायू मोजणारा संवेदक असतो, आणि नियंत्रक यंत्रणा एक भाग पेट्रोलास सुमारे १४·७ भाग हवा हे प्रमाण सतत राखते. अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ साली केलेल्या चाचण्यांत, मुद्दाम तुंबविलेल्या गाळणीनेही आधुनिक पेट्रोल मोटारींच्या इंधनखर्चात लक्षणीय फरक पडला नाही. वेग घेण्याची क्षमता तेवढी घटली. तुंबलेल्या गाळणीनेही जेथे तोटा होत नाही, तेथे स्वच्छ गाळणीच्या जागी अधिक मोकळी गाळणी बसवून फायदा कोठून व्हावा?

गार हवेची गोष्ट तर थोडी उलटच आहे. हवा दहा अंशांनी गार झाली तर तिची घनता सुमारे तीन टक्क्यांनी वाढते. पूर्ण झडप उघडून चढ चढताना तेवढी अधिक शक्ती मिळेल. पण मंद गतीत त्याच घन हवेसाठी झडप अधिक मिटावी लागते आणि शोषणाचे श्रम वाढतात. शिवाय बॉनेटखाली उघडी गाळणी लावली तर तिला गार हवा मिळतेच असे नाही. भाजीपाला वाहणाऱ्या डिझेल पिकअपांचा प्रकार निराळा आहे. त्यांत हवा रोखून शक्ती नियंत्रित होत नाही व हवा मुळातच गरजेहून अधिक असते. म्हणून निर्मात्याची स्वच्छ गाळणी असेल तर मोकळ्या गाळणीने मिळविण्यासारखे तेथेही फारसे उरत नाही.

खरा प्रश्न धुळीचा आहे. ऊसतोडीच्या हंगामात शेतरस्त्यांवरून ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या मागे उडणाऱ्या धुळीत सिलिकाचे कण असतात व ते पोलादाहून कठीण असतात. गाळणी जितकी मोकळी, तितके सूक्ष्म कण सुटून जाण्याचा संभव अधिक. सिलिंडर व पिस्टनच्या कड्या झिजल्या म्हणजे दाब गळतो, तेल जळू लागते आणि जे इंधन वाचवावयाचे होते तेच अधिक लागते. सुती गाळणीस लावलेले तेल अधिक झाले तर ते हवामापक संवेदकावर बसून त्याचे मापन बिघडवू शकते, हा आणखी एक दोष.

तर मग पेट्रोल जाते कोठे? बाराशे किलोग्रॅम वजनाची भरलेली मोटार शंभर मीटर उंच नेण्यास, एंजिनाची कार्यक्षमता पंचवीस टक्के धरल्यास, सुमारे दीडशे मिलिलिटर पेट्रोल लागते. भीमाशंकरच्या वाटेवरील चढ तीनशे मीटर धरला तर केवळ उंचीसाठीच जवळजवळ अर्धा लिटर खर्ची पडते. उतरताना गाडी गिअरमध्ये ठेवल्यास बहुतेक आधुनिक एंजिने इंधन पूर्ण बंद करतात. न्यूट्रलमध्ये उतरणारा चालक मात्र एंजिन चालू ठेवण्यापुरते पेट्रोल जाळतो आणि ब्रेक तापवितो ते वेगळेच. महामार्गावर वेगाचा हिशेब महत्त्वाचा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने, ताशी ८० ऐवजी १०० किलोमीटर वेग ठेवला तर लहान मोटारीवरील एकूण विरोध सुमारे एक-तृतीयांशाने वाढतो. टपावरील कॅरिअर, चाकांतील कमी हवा व वातानुकूलन ह्यांची भर निराळी.

प्रमाणित चाचणीतील आकडा ह्यांपैकी बरेच काही वगळून काढलेला असतो. भारतीय चालन-चक्राची सुधारित आवृत्ती ११८० सेकंदांची असून तिच्यातील कमाल वेग ताशी ९० किलोमीटर आहे. ती रुळांवर घेतली जाते. तीत चढ नसतो व वातानुकूलन बंद असते. त्या आकड्याचा उपयोग दोन मोटारींची तुलना करण्यापुरता आहे. माळशेजच्या प्रवासाचा अंदाज त्यावरून बांधता येत नाही.

राहता राहिला गाळणी बदलून लाभ झाल्याचा अनेकांचा अनुभव. फेरी-फेरीतील इंधनखर्चाचे प्रमाण-विचलन सहा टक्के धरले, तर दोन टक्क्यांचा फरक ऐंशी टक्के खात्रीने ओळखण्यास प्रत्येक गाळणीमागे सुमारे एकशे चाळीस फेऱ्यांची नोंद लागेल. दोन-चार टाक्यांवरून काढलेला निष्कर्ष म्हणूनच निरर्थक ठरतो. त्यातच नवी गाळणी बसविणारा मनुष्य पुढील काही आठवडे ॲक्सिलरेटर जपून दाबतो. ज्या विद्यार्थ्यांना हा प्रयोग करून पाहावयाचा असेल त्यांनी नारायणगाव ते मंचर हा टापू जाऊन-येऊन घ्यावा, म्हणजे चढ व वारा दोन्ही बऱ्याच अंशी वजा होतील. गाळण्यांचा क्रम जुनी, नवी, नवी, जुनी असा ठेवावा, चाकांतील दाब दर वेळी थंड असताना मोजावा, आणि कोणती गाळणी बसविली आहे हे चालकास सांगू नये.