किल्लारीपासून 'सखी'पर्यंत

लातुरात बारावी झालेल्या मुलीला पहिला प्रश्न असतो, "नीटला किती पडले?" आणि एखादी म्हणाली, मला स्त्री अभ्यासात एम.ए. करायचंय, तर दुसरा, "त्याला स्कोप काय?" गेल्या काही दशकांचा मागोवा घेतला, तर उत्तर आपल्याच गावांत मिळतं.

१९७४ मध्ये मुंबईच्या एस.एन.डी.टी.त नीरा देसाईंनी स्त्री अभ्यासाचं संशोधन सुरू केलं. १९८७ मध्ये पुणे विद्यापीठात केंद्र उभं राहिलं. मराठवाड्यात तेव्हाच्या औरंगाबादच्या विद्यापीठातल्या केंद्राला ताराबाई शिंदेंचं नाव मिळालं. लातूरच्या खेड्यांत मात्र पदवीआधी काम आलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपाने किल्लारी हादरली. पुनर्वसनात गावोगावच्या बायका 'संवाद सहायक' झाल्या. घराची मजबुती कशी करायची हे समजावणं, हप्ता कुठे अडकला ते विचारणं, बायकांना बैठकीला आणणं, हे सगळं त्यांनी केलं. आज अभ्यासक्रमात ज्याला क्षेत्रकार्य म्हणतात, ते हेच.

पुढे एकेका कायद्याने आणि योजनेने एकेक काम उभं केलं. १९७५ पासूनच्या महिला आर्थिक विकास महामंडळाला (माविम) २००७ मध्ये 'तेजस्विनी' कार्यक्रमाची जोड मिळाली आणि बचत गटांमागे सहयोगिनी उभ्या राहिल्या. घरगुती हिंसाचारविरोधी कायदा २००६ मध्ये लागू झाला, त्यातून संरक्षण अधिकारी आले. २०११ मध्ये ग्रामीण उपजीविकेचं 'उमेद' अभियान आलं. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने कार्यालयांतल्या तक्रार समित्यांवर बाहेरचा जाणकार सदस्य बंधनकारक केला. २०१५ पासून हिंसा सोसणाऱ्या बायकांच्या मदतीसाठी 'सखी' केंद्रं आली. महाविद्यालयात शिकवायचं असेल, तर नेट या पात्रता परीक्षेलाही स्त्री अभ्यास हा स्वतंत्र विषय आहे.

या शिक्षणाचा कस लागतो तो अशा केंद्रातल्या समुपदेशनाच्या टेबलाशी. आई-वडील लेकीला घेऊन येतात, म्हणतात, "मॅडम, समजावून सांगा, तेवढं नांदायला गेली पाहिजे." लेक खाली मान घालून बसलेली. जाणती समुपदेशक घरच्यांना थोडा वेळ बाहेर बसवते, पाणी देते आणि विचारते, "ताई, तुला काय पाहिजे?" माहेरी किंवा सासरी हे तिला कुणी विचारलेलंच नसतं. घटनेचा अहवाल त्यानंतर भरला जातो. हा प्रश्न आधी विचारायचा, हे दोन वर्षांच्या अभ्यासाने अंगी बाणलेलं असतं.

पण यातली बरीच पदं कंत्राटी, तुटपुंज्या मानधनाची. जाहिरातीत बहुधा समाजकार्य किंवा कायद्याची पदवी मागतात. स्त्री अभ्यासाचं नावही नसतं. किनवटहून किंवा उदगीरहून शिकायला निघालेल्या मुलीची वाट इथेच अडते. नांदेडचं विद्यापीठ, महाविद्यालयं आणि महिला व बालविकास विभाग यांनी एकत्र बसून हा विषय पात्रतेच्या यादीत घालावा, पदं कायम करावीत. काम भरपूर आहे, हे किल्लारीच्या बायकांनी कधीच दाखवून दिलंय. त्या कामाला पद आणि पगार देणं आपल्याकडे राहिलंय.