पॉल रूस: मैदानातून प्रशिक्षकाच्या खुर्चीकडे

ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल म्हणजे अंडाकृती मैदान, लंबगोल चेंडू आणि एका संघाचे १८ खेळाडू. या खेळात उत्तम खेळाडू उत्तम प्रशिक्षक होईलच याची खात्री नसते. म्हणूनच दोन्ही जमलेला पॉल रूस मला फार आवडतो.

फिट्झरॉय आणि नंतर सिडनी स्वान्सकडून ३५६ सामने खेळून तो १९९८ मध्ये निवृत्त झाला. त्याच सुमारास त्याने एक यादी लिहून ठेवली: प्रशिक्षकाने खेळाडूंशी कसं वागावं, खेळाडूच्या नजरेतून! आठवण ताजी असतानाच हे लिहिलं, यातच त्याचं शहाणपण दिसतं.

२००२ च्या हंगामात मध्येच सिडनीचे प्रशिक्षक रॉडनी ईड यांनी पद सोडलं आणि रूस हंगामी प्रशिक्षक झाला. चाहत्यांनी त्याला उचलून धरलं आणि पुढे पद कायम झालं. त्याने वर्तनाचे नियम खेळाडूंनाच ठरवू दिले आणि ते पाळले जातात की नाही यावर एकमेकांनीच लक्ष ठेवायचं.

२००५ ची अंतिम लढत, मेलबर्न क्रिकेट ग्राउंड. सिडनी ५८, वेस्ट कोस्ट ५४. शेवटच्या काही सेकंदांत वेस्ट कोस्टचा चेंडू उंच आला आणि सिडनीच्या लिओ बॅरीने गर्दीत उडी घेऊन तो हवेतच पकडला. क्लबला ७२ वर्षांनी विजेतेपद मिळालं! पुढच्याच वर्षी अंतिम लढतीत वेस्ट कोस्टकडूनच एका गुणाने हार.

२०१० नंतर सूत्रं रूसचा सहायक जॉन लाँगमायर याच्याकडे गेली आणि २०१२ मध्ये स्वान्स पुन्हा जिंकले. २००५ च्या अंतिम लढतीची शेवटची दोन मिनिटं तरी जरूर बघा.