कापडाच्या भावातून आलेली समता

1956 च्या हिवाळ्यात ब्रुसेल्समधल्या व्हाल द्युशेस नावाच्या वाड्यात सहा देशांचे अधिकारी सामायिक बाजारपेठेच्या मसुद्यावर खल करत बसले होते. त्यात फ्रान्सचा एक हट्ट होता. स्त्री-पुरुषांना समान वेतन देण्याचे बंधन फ्रेंच कायद्यात आधीच होते आणि शेजारी देशांतल्या गिरण्या बायकांना राजरोस कमी मजुरी देत होत्या. उद्या जकाती उठल्या, तर तो स्वस्त माल फ्रेंच कापडाला बाजारातून उठवेल, ही पॅरिसची भीती. बायका मोठ्या संख्येने राबतात अशा धंद्यांतच ही चढाओढ तीव्र होती. जर्मनीला मजुरीच्या प्रश्नात दुसऱ्या कुणी नाक खुपसलेले नको होते. ओढाताण झाली आणि 25 मार्च 1957 रोजी सही झालेल्या रोम करारात 119 वे कलम येऊन बसले: समान कामासाठी स्त्री-पुरुषांना समान मोबदला.

स्त्रीमुक्तीचा विचार त्या वाड्यात फारसा कुणी केला असेल असे मला वाटत नाही. विचार होता तो मालाच्या भावाचा. आज तोच गट, सत्तावीस देशांचा युरोपीय संघ होऊन, समता आणि भेदभावाला मज्जाव ही आपली घटनात्मक ओळख आहे असे सांगतो आणि ती न मानणाऱ्या सदस्य देशाला न्यायालयात खेचतो. बाजाराच्या दारातून आत आलेले कलम घराचे कुलदैवत कसे झाले, याची ही हकिकत आहे.

सुरुवातीला त्या कलमाची कुणालाच घाई नव्हती. 1961 अखेर अंमलबजावणी व्हायची होती. मुदत संपायला एक दिवस उरला असताना, 30 डिसेंबरला, सहा सरकारांनी ठराव करून ती 1964 च्या अखेरीवर ढकलली. तीही टळली. सरकारांना वाटत होते, करार आपण आपसांत केला आहे, तेव्हा केव्हा पाळायचा हेही आपण आपसांत ठरवू.

हा समज मोडायची सुरुवात बेल्जियममध्ये झाली. लिएजजवळच्या एर्स्ताल गावात ‘एफएन’ ही शस्त्रांची मोठी फॅक्टरी होती. यंत्रांवर काम करणाऱ्या तिथल्या बायकांना ‘यंत्र-बायका’ म्हणत. तेलात माखून, कातडी एप्रन बांधून त्या दिवसभर उभ्या असत आणि मजुरीचा दर पुरुषांपेक्षा कमी. 16 फेब्रुवारी 1966 रोजी सुमारे तीन हजार बायका काम टाकून बाहेर पडल्या. हातातल्या फलकांवर घोषणा होती ‘समान कामाला समान दाम’, आणि आधार दिला जात होता रोम कराराच्या 119 व्या कलमाचा. संप बारा आठवडे चालला. बायकांची यंत्रे बंद पडल्यामुळे पुरुषांचेही काम थांबले. मागणी होती ताशी पाच फ्रँक वाढीची, पदरात पडले पावणेतीन. पण ब्रुसेल्सच्या कपाटात पडून असलेले एक कलम कारखान्याच्या फाटकावर पोचले.

त्या संपाकडे बारकाईने पाहणाऱ्यांत एलियान व्होगेल-पोल्स्की ही वकील होती. तिच्या डोक्यात एक सरळ युक्तिवाद होता. 1963 मध्ये, रसायन आणणाऱ्या एका डच आयातदाराच्या जकातीच्या भांडणात, लक्झेम्बर्गच्या युरोपीय न्यायालयाने म्हटले होते की, करार फक्त सरकारांपुरता नाही. त्यातून नागरिकाला हक्क मिळतात आणि ते त्याला आपल्या देशाच्या कोर्टात मागता येतात. रसायनाच्या आयातदाराला हे लागू असेल, तर कामकरी बाईला का नाही? युक्तिवाद तयार होता, पण त्यासाठी कुणीतरी वादी व्हायला हवे होते आणि कामगार संघटना फारशा उत्सुक नव्हत्या. अखेर गाब्रिएल देफ्रेन भेटली.

देफ्रेन 1951 पासून साबेना या बेल्जियन विमान कंपनीत हवाईसुंदरी होती. विमानात तेच काम पुरुष ‘केबिन स्टुअर्ड’ करत. त्यांचा पगार जास्त, नोकरीही अधिक वर्षे. हवाईसुंदरीच्या करारात मात्र अट होती की, चाळिशी गाठली की नोकरी संपली. 15 फेब्रुवारी 1968 रोजी देफ्रेनची संपली. पुढे विमान कर्मचाऱ्यांच्या खास पेन्शनचा राजाज्ञेने नियम झाला, त्यातूनही हवाईसुंदऱ्या वगळलेल्या. थोडक्यात पगार, निवृत्तीचे वय आणि पेन्शन, तिन्ही ठिकाणी मार.

ती तिन्हींसाठी भांडली आणि निकालांची गंमत अशी की, त्यांतली दोन भांडणे ती हरली. 1971 मध्ये न्यायालयाने सांगितले, कायद्याने ठरवलेली सामाजिक सुरक्षेची पेन्शन म्हणजे मोबदला नव्हे. 1978 मध्ये सांगितले, 119 वे कलम पगाराचे आहे, वयाच्या अटीचे नाही. मधला, 8 एप्रिल 1976 चा निकाल मात्र तिच्या बाजूने लागला आणि त्याने युरोप बदलला. 119 वे कलम थेट लागू आहे, सरकारवरच नव्हे तर मालकांवरही. आणि सरकारांनी आपसांत ठराव करून मूळ कराराची मुदत बदलता येत नाही. न्यायालयाने कलमाचे दोन हेतू सांगितले: एक आर्थिक, म्हणजे स्पर्धा सारखी राहावी, दुसरा सामाजिक, म्हणजे लोकांचे जगणे सुधारावे.

याच निकालात न्यायालयाचे पाय थोडे लटपटलेही. ब्रिटन आणि आयर्लंडने भीती घातली होती की, मागची थकबाकी द्यावी लागली तर कंपन्या बुडतील. म्हणून न्यायालयाने ठरवले की, ज्यांनी आधीच दावे लावलेत ते सोडून बाकीच्यांना निकालाच्या तारखेपूर्वीचे काही मागता येणार नाही. हक्क पहिल्यापासूनचा, वसुली आजपासूनची! हा निकाल मोठा मानायला माझी हरकत नाही, पण त्याची किंमत त्या काळच्या लाखो बायकांनी चुकवली हेही लिहून ठेवायला हवे. खुद्द देफ्रेनला पगाराच्या फरकापोटी मिळाले 12,716 बेल्जियन फ्रँक.

मराठी वाचकाला इथे एअर इंडिया आठवल्याशिवाय राहणार नाही. तेव्हा तिचे मुख्यालय मुंबईत, कंपनी सरकारी, आणि हवाईसुंदरीला पस्तिशीत निवृत्ती. नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केले किंवा पहिल्यांदा दिवस गेले तरी नोकरी संपली. नर्गिस मिर्झा प्रकरणात ऑगस्ट 1981 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गरोदरपणाची अट कठोर शब्दांत रद्द केली. पण हवाईसुंदऱ्या हा पुरुष कर्मचाऱ्यांपेक्षा वेगळाच संवर्ग आहे असे म्हणत चार वर्षांत लग्न न करण्याची अट कायम ठेवली. आपल्या घटनेत समता पहिल्या दिवसापासून ठसठशीत लिहिलेली. त्यांच्याकडे ती व्यापारी करारातले एक कलम. तरीही तशाच नोकरीतल्या बाईला तिकडे जे मिळाले, त्यातले बरेच इकडे मिळाले नाही. तुलनेचा धागा फार ताणू नये, पण लिहिलेले कलम आणि ते वापरणारे कोर्ट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढे तरी त्यातून दिसते.

देफ्रेनच्या 1978 च्या पराभवातही एक वाक्य दडलेले होते. लिंगभेद नाहीसा होणे हा मूलभूत हक्कांचा भाग आहे आणि ते हक्क जपणे हे आपले काम आहे, असे न्यायालयाने तिला नकार देता देता म्हटले. पुढची वीस वर्षे ते वाक्य वाढत गेले. 2000 च्या फेब्रुवारीत जर्मन टेलिकॉम कंपनीच्या अर्धवेळ कामगारांच्या दाव्याचा निकाल आला. अर्धवेळ काम करणाऱ्या बहुतेक बायका, आणि त्यांना कंपनीच्या पेन्शनमधून वगळलेले. जर्मन कायदा त्यांना मागील काळाचीही भरपाई देत होता. त्यावर आक्षेप असा की, याने जर्मन कंपन्यांवर इतर देशांतल्या कंपन्यांपेक्षा जास्त बोजा पडेल आणि स्पर्धा बिघडेल. म्हणजे व्हाल द्युशेसमधला फ्रेंच युक्तिवाद उलट्या बाजूने परत आला. न्यायालयाने उत्तर दिले की, कलमाचा आर्थिक हेतू आता दुय्यम आहे. मुख्य हेतू सामाजिक, आणि तो मूलभूत मानवी हक्काचा आविष्कार आहे. कापडाचा भाव त्या दिवशी मागच्या बाकावर गेला.

त्याच वर्षी जानेवारीत आणखी एक धक्का बसला होता. तान्या क्राइल या इलेक्ट्रॉनिक्स शिकलेल्या जर्मन तरुणीने लष्करात शस्त्रांच्या देखभालीचे काम मागितले. जर्मनीच्या घटनेतच लिहिलेले होते की, बायकांनी हत्यारी सेवा करायची नाही. वैद्यकीय विभाग आणि बँड एवढेच त्यांना खुले. न्यायालयाने ही सरसकट बंदी युरोपीय कायद्याविरुद्ध ठरवली, जर्मनीने आपली घटना दुरुस्त केली आणि 2001 च्या जानेवारीत बायका सशस्त्र तुकड्यांत दाखल झाल्या.

एव्हाना प्रश्न फक्त बाईचा राहिला नव्हता. 1998 मध्ये एका ब्रिटिश रेल्वे कंपनीतल्या कर्मचारी बाईने आपल्या जोडीदारणीसाठी प्रवासाची सवलत मागितली, तेव्हा न्यायालयाने हात वर केले: समलिंगी जोडप्यांचा प्रश्न कायदे करणाऱ्यांनी सोडवावा. करार तोवर बदलत होताच. 1 मे 1999 पासून लागू झालेल्या ॲमस्टरडॅम कराराने लिंग, वंश, धर्म वा श्रद्धा, अपंगत्व, वय आणि लैंगिक कल या सहाही कारणांवरच्या भेदभावाविरुद्ध कायदे करायचा अधिकार दिला. असा अधिकार एरवी वर्षानुवर्षे कागदावर राहतो. पण 2000 च्या फेब्रुवारीत ऑस्ट्रियात उग्र उजवा पक्ष सत्तेत सहभागी झाला आणि बाकीच्यांना काहीतरी ठोस करून दाखवायचे होते. वांशिक भेदभावाविरुद्धचा निर्देश, म्हणजे सदस्य देशांनी आपापल्या कायद्यात उतरवायचा संघाचा नियम, जूनअखेर मंजूर झाला, नोव्हेंबरात नोकरीतल्या इतर भेदभावांचा.

हा वांशिक निर्देश कसा चालतो, याचे मला सर्वांत आवडते उदाहरण बल्गेरियातल्या दुप्नित्सा गावचे आहे. गिझदोवा महाला ही तिथली रोमा लोकांची वस्ती. वीज कंपनीने त्या वस्तीत मीटर सहा-सात मीटर उंच खांबांवर बसवले होते. बाकी गावात ते माणसाच्या उंचीवर, 1.70 मीटरवर. कंपनीचे म्हणणे, इथे वीजचोरी होते. वस्तीत किराणा दुकान चालवणारी एक बाई तक्रार घेऊन उभी राहिली: मला माझे मीटर वाचता येत नाही, आणि कंपनी बिल फुगवते असा मला संशय आहे. गंमत म्हणजे ही बाई रोमा नव्हतीच. न्यायालयाने 2015 मध्ये सांगितले की, रोमा वस्तीला लावलेल्या शिक्षेत जो कुणी सापडतो, त्याला तक्रारीचा हक्क आहे, मग तो स्वतः रोमा असो वा नसो. आणि अख्ख्या वस्तीला चोर समजून केलेली ही तजवीज अपमानकारक आणि कलंक लावणारी आहे. खांबावरच्या मीटरने समतेचा जो अर्थ उलगडला, तो कित्येक जाहीरनाम्यांना जमलेला नाही.

ही सगळी वाटचाल 2009 मध्ये लागू झालेल्या लिस्बन कराराने घडवलेल्या युरोपीय संघ कराराच्या दुसऱ्या कलमात एकत्र आली. मानवी प्रतिष्ठा, स्वातंत्र्य, लोकशाही, समता, कायद्याचे राज्य, मानवी हक्क ही संघाची मूल्ये, आणि भेदभावाचा अभाव व स्त्री-पुरुष समता ही त्या समाजाची लक्षणे. ‘संविधान’ नावाचा दस्तऐवज फ्रान्स आणि नेदरलँड्सच्या मतदारांनी 2005 मध्ये फेटाळला होता, त्यामुळे संघाला नावापुरतीही घटना नाही. घटनात्मक ओळखीची भाषाही तोवर देशांच्या न्यायालयांची ढाल होती: आमची ओळख युरोपच्या वर, इथे लक्झेम्बर्गचे चालणार नाही. जर्मनीने हे 2009 मध्ये म्हटले, हंगेरीने 2016 मध्ये. 16 फेब्रुवारी 2022 रोजी, कायद्याचे राज्य मोडणाऱ्या सदस्य देशाचा निधी रोखण्याच्या नियमाविरुद्ध हंगेरी व पोलंडने लावलेले दावे फेटाळताना, युरोपीय न्यायालयाने तीच ढाल उचलली. दुसऱ्या कलमातली मूल्ये हीच संघाची ओळख आहे आणि संघाला ती जपता आली पाहिजे, असे त्याने सांगितले.

कसोटीची वेळ हंगेरीनेच आणली. 2021 च्या जूनमध्ये तिथल्या संसदेने बालसंरक्षणाच्या नावाखाली कायदा केला: समलैंगिकता किंवा लिंगबदल दाखवणारा वा त्यांचा पुरस्कार करणारा मजकूर अठरा वर्षांखालच्या मुलांपर्यंत जाता कामा नये. युरोपीय आयोगाने खटला भरताना, सेवा आणि मूलभूत हक्कांच्या कलमांसोबत, थेट दुसऱ्या कलमाच्या भंगाचाही आरोप ठेवला. डझनाहून अधिक सदस्य देश आयोगाच्या बाजूने उभे राहिले. 5 जून 2025 रोजी महाअधिवक्त्या तमारा चापेटा यांनी न्यायालयाला दिलेल्या मतात आरोप उचलून धरला. त्यांचा मुद्दा मला पटतो. हक्काच्या मर्यादेबद्दल मतभेद असू शकतात, ते मूल्यांचे उल्लंघन नव्हे. पण काही माणसे समाजात बरोबरीची नाहीतच असे गृहीत धरून कायदा केला, तर तो मतभेद उरत नाही, मूल्यच नाकारणे होते. विरोधकांचा आक्षेपही हलका नाही. एवढ्या ढोबळ शब्दांवर देशांना शिक्षा होऊ लागली, तर न्यायाधीश उद्या काहीही त्यात वाचतील. रस्त्यावरही उत्तर मिळाले: त्याच महिन्याच्या 28 तारखेला, पोलिसांची बंदी झुगारून, बुडापेस्टमध्ये समलैंगिकांच्या प्राइड मोर्च्याला प्रचंड गर्दी लोटली.

ओळख म्हणून मिरवणाऱ्या या समतेत भोके मात्र मोठी आहेत. धर्म, वय, अपंगत्व, लैंगिक कल यांवरून घर किंवा दुकानातली सेवा नाकारली, तर युरोपीय पातळीवर त्याविरुद्ध सर्वसाधारण कायदा नाही. आयोगाने प्रस्ताव मांडला तो 2008 मध्ये. सर्व देशांची एकमुखी संमती लागत असल्याने तो वर्षानुवर्षे अडकून पडला. कंपनीने ‘तटस्थता’ म्हणून सगळीच धार्मिक चिन्हे बंद केली, तर हिजाब घालणाऱ्या बाईला कामावरून काढणे चालू शकते, असे खुद्द न्यायालयाने 2017 मध्ये म्हटले. हिशेब कागदावर सारखा, झळ कुणाला बसते ते उघड आहे. स्त्री-पुरुषांच्या ताशी पगारातला सरासरी फरक 2023 मध्येही सुमारे 12 टक्के होता. हा फरक कमी व्हावा म्हणून त्याच वर्षी नवा निर्देश आला, जो मालकांना पगाराची माहिती उघड करायला लावतो.

म्युनिक किंवा आइंडहोव्हनमध्ये राहणाऱ्या मराठी इंजिनिअरला यातले काय लागू होते? घरमालकाने वंशावरून खोली नाकारली, तर 2000 चा निर्देश त्याच्या बाजूने आहे. पण राष्ट्रीयत्वावरून केलेला फरक त्याच निर्देशाने स्पष्टपणे वगळला आहे. जातीचे काय, हा प्रश्न ब्रिटन संघात असताना तिथल्या एका अपिलीय न्यायाधिकरणापुढे आला. भारतातून घरकामासाठी नेलेल्या एका बाईचा दावा होता. 2014 मध्ये न्यायाधिकरणाने म्हटले की, ‘वांशिक मूळ’ या कारणात काही प्रकरणी जात बसू शकते. निर्देशाच्या मजकुरात जात कुठेही नाही.