वाय गुणसूत्राच्या टोकाशी

लुचानो तिएपोलो आणि ओर्सेत्ता झुफार्दी या इटलीतल्या संशोधकांना १९७६ साली सहा पुरुषांमध्ये एक समान उणीव सापडली. सहाही जणांच्या वीर्यात शुक्राणू नव्हते आणि सहाही जणांच्या वाय गुणसूत्राच्या लांब भुजेचा टोकाकडचा भाग गायब होता. शुक्राणू घडवणारं काहीतरी त्याच भागात असणार, हा त्यांचा तर्क पुढे खरा ठरला.

वायची मूळ अडचण म्हणजे त्याला जुळणारा जोडीदार नाही. शुक्राणू तयार होताना बाकीच्या २२ जोड्यांतली गुणसूत्रं एकमेकांना बिलगतात, तुकड्यांची अदलाबदल करतात आणि मगच वेगळी होतात. एक्स आणि वाय यांच्यात मात्र साम्य उरलंय ते मुख्यतः दोन टोकांना. वाय सुमारे सव्वासहा कोटी डीएनए-अक्षरांचं. त्यातलं मोठं टोक २७ लाखांच्या आसपास. अदलाबदल व्हायची ती बहुतेक इथेच, आणि दर वेळी व्हायलाच हवी. नाही झाली, तर ती पेशी सहसा वाटेतच मरते.

कधी मरत नाही. मग एक्स आणि वाय दोन्ही घेऊन निघालेला शुक्राणू बनतो, आणि जन्मणाऱ्या मुलाला क्लाइनफेल्टर सिंड्रोम असतो. साधारण ६०० मुलग्यांमागे एक असं त्याचं प्रमाण. त्यातल्या जवळपास निम्म्यांत जास्तीचा एक्स वडिलांकडून आलेला असतो. अशा मुलांच्या बाबतीत वडिलांकडची ती अदलाबदल बहुधा झालेलीच नसते, हे टेरी हॅसॉल्ड यांच्या गटाने १९९१ साली दाखवलं. एवढ्याशा जागेवर केवढं ओझं!

उरलेलं वाय मग स्वतःची डागडुजी कशी करतं? स्वतःशीच जुळवून. ‘रामाला भाला मारा’ उलटसुलट सारखंच वाचता येतं, तशा रचनेचे आठ प्रचंड पट्टे डेव्हिड पेज आणि सहकाऱ्यांना २००३ साली वायमध्ये सापडले. सर्वांत मोठा २९ लाख अक्षरांचा, आणि त्याची दोन अर्धं ९९.९७ टक्के सारखी. एका अर्धात बिघाड झाला की दुसऱ्यावरून दुरुस्ती होते. पण याच सारखेपणामुळे लांबचे दोन पट्टे चुकून जुळले, तर मधली ३५ लाख अक्षरं गळून पडतात. सुमारे ४००० पुरुषांमागे एकाचं असं होतं, आणि त्याचे शुक्राणू अगदी कमी होतात किंवा नाहीसेच होतात. भारतीय पुरुषांतल्या अशा गळतीचा अभ्यास हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेत लालजी सिंग आणि के. थंगराज यांनी केला.

ही गळती रक्ताच्या साध्या नमुन्यावरून कळते. शुक्राणूंसाठी लागणाऱ्या वायच्या या पट्ट्याचे ‘ए’, ‘बी’ आणि ‘सी’ असे भाग मानतात. ‘सी’ भाग गेला असेल, तर वृषणातून शुक्राणू मिळण्याची बऱ्यापैकी आशा असते. इक्सीने, म्हणजे एक शुक्राणू थेट बीजांडात सोडून, मूलही होऊ शकतं. मात्र मुलगा झाला तर वडिलांचं तेच तुटकं वाय त्याच्याकडे येतं. ‘ए’ किंवा ‘बी’ भाग पूर्ण गेला असेल, तर शस्त्रक्रिया करूनही हाती जवळजवळ काहीच लागत नाही. म्हणून ही तपासणी शस्त्रक्रियेआधी व्हायला हवी, आणि बायकोला हार्मोनची पहिली सुई टोचण्याआधी तर नक्कीच.