जुन्या ट्रॅक्टरचा सेल्फ बदलताना : आधी दोष पारखा, मग माप जुळवा

मृगाचा पाऊस झाला, वाफसा आला आणि नेमका त्याच सकाळी ट्रॅक्टर चालू होईना, हा प्रकार जुना ट्रॅक्टर बाळगणाऱ्या शेतकऱ्यांना नवा नाही. चावी फिरवली की नुसता 'कट्' आवाज येतो, नाहीतर इंजिन कण्हत अर्धा फेरा घेते आणि थांबते. चार जण जमतात, कोणीतरी म्हणतो, "सेल्फ गेला, नवा टाका." मग तालुक्याला जाऊन मिळेल तो सेल्फ आणला जातो. महिनाभरात पुन्हा तेच रडगाणे. पैसा जातो तो जातोच, पेरणीचे दिवसही हातचे जातात.

आधी तपासणी

डिझेल इंजिनात हवा फार दाबली जाते, म्हणून ते फिरवायला सेल्फला मोठा करंट लागतो. हा करंट शेकडो अँपिअरचा असतो. त्यामुळे वाटेत कुठेही गंज किंवा ढिला जोड असला तरी सेल्फ मरगळतो आणि दोष मात्र सेल्फच्या माथी बसतो. तपासणी करताना गिअर न्यूट्रलला ठेवावा, ब्रेक लावावा आणि इंजिन बंद करायची दांडी ओढून ठेवावी.

प्रथम बॅटरी पाहावी. पूर्ण चार्ज असलेली बॅटरी काही तास ट्रॅक्टर उभा राहिल्यावर साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. १२.२ व्होल्ट म्हणजे ती निम्मी रिकामी. सेल्फ मारताना व्होल्ट ९.५ च्या खाली कोसळत असतील, तर आधी बॅटरी चार्ज करून बघावी. व्होल्ट टिकून आहेत पण सेल्फ फिरत नाही, अशा वेळी दोष तारांत, स्विचमध्ये किंवा सेल्फमध्ये असतो.

दुसरे, अर्थिंग. मीटरचे एक टोक बॅटरीच्या अर्थिंगच्या टर्मिनलवर व दुसरे इंजिनच्या उघड्या लोखंडावर धरावे आणि सोबत्याला सीटवर बसून सेल्फ मारायला सांगावे. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आकडा दिसला तर अर्थिंगची पट्टी खराब समजावी. ती काढून, रंग-गंज खरवडून पुन्हा घट्ट बसवली की पुष्कळदा ट्रॅक्टर जागेवर चालू होतो.

दुरुस्ती की नवा?

सेल्फ खोलल्यावर फक्त कार्बन झिजलेले असतील किंवा बुश सैल झाले असतील, तर दुरुस्ती थोडक्यात भागते. बुश झिजले की आर्मेचर आतल्या बाजूला घासते, म्हणून हे काम लांबणीवर टाकू नये. आर्मेचर जळले असेल तर नवा सेल्फ किंवा खात्रीच्या मिस्त्रीकडून वाइंडिंग, या दोन्हींचा खर्च विचारून ठरवावे.

सेल्फ काढला आहे तोवर फ्लायव्हीलची दातेरी रिंग पूर्ण फिरवून पाहावी. इंजिन बंद होताना ठरावीक जागीच थांबते. चार सिलिंडरच्या इंजिनात अशा दोन जागा असतात, तीन सिलिंडरच्या इंजिनात तीन. तिथलेच दाते जास्त झिजतात. झिजलेल्या रिंगवर नवा सेल्फ बसवला तर त्याचेही दाते लवकर जातात.

माप जुळवणे

दिसायला सारखा म्हणून सेल्फ घेऊ नये. जुना सेल्फ दुकानात सोबत न्यावा आणि पुढील गोष्टी जुळवाव्यात : पट्टीवरील नंबर, व्होल्ट आणि किलोवॅट, पिनियनचे दाते मोजून आणि दात्याची जाडी पाहून, फिरण्याची दिशा, बोल्टची भोके व त्यांतील अंतर, आणि बसण्याच्या तोंडापासून पिनियन किती दूर थांबतो ते अंतर. यातले एक जरी चुकले तरी दाते अडकतात किंवा नुसते घासतात.

जुन्या काही मॉडेलमध्ये स्विच वेगळा असतो आणि बेंडिक्स झटक्याने पुढे जाते. नंतरच्या सेल्फवर सोलेनॉइड वरच बसवलेला असतो. एका प्रकाराच्या जागी दुसरा घ्यायचा तर वायरिंगही बदलावे लागते, हे आधी विचारून घ्यावे.

आता गिअरचे छोटे सेल्फ मिळतात. ते वजनाला हलके आणि करंट कमी खाणारे असतात. मात्र त्यांतल्या अनेकांत कायम चुंबक असतो. काही जुन्या ब्रिटिश बनावटीच्या ट्रॅक्टरमध्ये बॅटरीचे अधिक टोक अर्थिंगला जोडलेले असते. तिथे जुना कॉइलचा सेल्फ बिनघोर चालतो, चुंबकाचा सेल्फ मात्र उलटा फिरतो.

एचएमटी ट्रॅक्टरचा कारखाना बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०१६ मध्ये घेतला, पण ते ट्रॅक्टर आजही शेतात राबत आहेत. अशा ट्रॅक्टरधारकांना दुसऱ्या बनावटीच्या भागांवर भागवावे लागते. त्यांनी तर माप घेतल्याशिवाय पैसे देऊच नयेत. पक्के बिल घ्यावे, त्यावर सेल्फचा नंबर आणि वॉरंटीची मुदत लिहून घ्यावी.

पाण्याच्या टँकरसाठी ट्रॅक्टर असलेल्या ग्रामपंचायतींनीही दरपत्रक मागवताना 'सेल्फ, १ नग' एवढेच लिहू नये. ट्रॅक्टरचे मॉडेल, सेल्फचा नंबर, किलोवॅट व दात्यांची संख्या नमूद करावी. नाहीतर सर्वांत कमी दराचा सेल्फ येतो आणि टँकर उभाच राहतो.

पान्याने सेल्फ मारू नका

सेल्फ बिघडला की खाली उभे राहून पाना किंवा स्क्रू-ड्रायव्हर टेकवून ट्रॅक्टर चालू करायची सवय गावोगावी आहे. ही सवय जीव घेते. अशा वेळी माणूस मागच्या मोठ्या चाकाच्या पुढ्यात उभा असतो. ट्रॅक्टर गिअरमध्ये राहिला असेल तर इंजिन लागताच चाक अंगावर येते, बाजूला व्हायला वेळ मिळत नाही. न्यूट्रलचा सेफ्टी स्विच असला तरी पान्याने तो टाळलाच जातो. पोराबाळांना तर हे शिकवूच नये. ट्रॅक्टर नेहमी सीटवर बसून, गिअर न्यूट्रलला आणि क्लच दाबूनच चालू करावा.

सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नये, मध्ये मिनिटभर थांबावे. काम सुरू करण्याआधी बॅटरीची अर्थिंगची तार सोडावी आणि ती शेवटी जोडावी. पेरणीला अवकाश असतानाच एक सकाळ या तपासणीला दिली, तर वाफशाच्या दिवशी मिस्त्रीच्या दारात बसायची वेळ येणार नाही.